आडत, पट्टी आणि हॉटेलची खोली



वसंतातील व्याख्यानमाला म्हटली की न्यायमूर्ती रानडे यांचे स्मरण व्हावयाचेच. पुण्यात १८७५ साली त्यांनी ही प्रथा सुरू केली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या व्यासपीठांवर धर्म, राजकारण, शिक्षण, अर्थकारण अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होत आला आहे. अशा परंपरेत उभे राहून हॉटेलच्या खोलीविषयी बोलावयाचे, हे काहींना थिल्लरपणाचे वाटेल. आयोजकांना आम्ही विषय कळविला, तेव्हा टेलिफोनच्या पलीकडे क्षणभर शांतताच पसरली! परंतु मे महिना तोंडावर आला आहे. येथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत आज रात्री जेवणे आटोपल्यावर कोणीतरी मोबाईल हातात घेऊन कोकणातील किंवा महाबळेश्वरातील खोल्या धुंडाळीत बसणार आहे. ज्या व्यवहारात सामान्य माणसाचे कष्टाचे पैसे आणि वर्षातले चार सुखाचे दिवस गुंतलेले असतात, तो व्यवहार व्यासपीठाला वर्ज्य असण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

प्रथम एक हकीकत सांगतो. ती आमचीच आहे. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरास जावयाचे ठरविले. बरोबर ऐंशीच्या घरातील आई, पत्नी, मुलगा आणि सून. सूनबाईंनी मोबाईलवर दोन रात्रींसाठी दोन खोल्या ठरविल्या. खोलीचा दर रात्रीला २,४०० रुपये, म्हणजे एकूण ९,६०० रुपये. आम्ही मनात म्हटले, हंगामाच्या मानाने स्वस्तच! पण पैसे भरण्याच्या पायरीवर पोहोचलो तेव्हा आकडा ११,६४० झाला होता. तेव्हाच्या दराने कराचे १,१५२. ‘सोय-शुल्क’ म्हणून ४८०. कोणी न मागितलेल्या प्रवास-विम्याचे ३९८. आणि कोणत्या तरी सत्कार्यासाठी १० रुपये देणगी. कर सरकारचा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. दानाचेही आम्हांला वावडे नाही. पण दान आपल्या हाताने करावयाचे असते, दुसऱ्याने आपल्या खिशात हात घालून नव्हे. असो. पडद्यावर तांबड्या अक्षरांत ‘शेवटच्या दोनच खोल्या शिल्लक’ असे लुकलुकत होते. आम्ही घाईघाईने पैसे भरले.

पोलादपूरहून आंबेनळीचा घाट चढून रात्री साडेआठला आम्ही त्या हॉटेलच्या दारात उतरलो. गल्ल्यावर एक पोक्त गृहस्थ बसले होते. त्यांनी आमची पावती वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “काका, पावती खरी आहे तुमची, पण खोली नाही.”

सूनबाईंनी कंपनीला टेलिफोन लावला. बराच वेळ यंत्राशी बोलणे झाल्यावर एका मुलाचा आवाज आला. तो अत्यंत सभ्यपणे म्हणाला, “हॉटेलने खोली नाकारली असेल, तर आपण कृपया हॉटेलशी बोलावे. आम्ही केवळ मध्यस्थ आहोत.” गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “पैसे तुम्ही त्यांना दिलेत, त्यांच्याशीच बोला. मे महिन्यासाठी त्या दराने खोल्या बंद करा, असं आम्ही चार दिवसांपूर्वीच कळवलं होतं. त्यांच्या पडद्यावर त्या चालूच राहिल्या. आणि खरं सांगू का, काका? गेल्या हंगामातले आमचे पैसेही त्यांच्याकडे अडकलेत.”

आई गाडीत बसली होती. तिची मधुमेहाची गोळी आणि जेवण दोन्हींची वेळ टळून चालली होती. ज्यांनी पैसे घेतले ते खोली देत नव्हते, आणि ज्यांच्याकडे खोल्या होत्या त्यांना पैसे मिळाले नव्हते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील. पण दोन खऱ्यांच्या मध्ये आमची म्हातारी आई रस्त्यावर होती. अखेर त्या गृहस्थांनाच दया आली. त्यांनी आईला आत बसवून दूध-पोळी दिली, चार ठिकाणी टेलिफोन केले, आणि भिलारला एका घरी आमची सोय लावून दिली. २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ज्याची ख्याती झाली तेच हे भिलार. तेथे निराळे पैसे मोजून आम्ही दोन दिवस राहिलो. पुस्तके वाचली, पण मन ठिकाणावर नव्हते. त्या मुलाचे एक वाक्य कानात घुमत होते: ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत.’

वाशीच्या माणसाला हे वाक्य कोणी ऐकवावे? मध्यस्थ म्हणजे काय, हे आपल्या गावाला शिकवावे लागत नाही. सिडकोने हे शहर वसविले, खाडीवर पूल झाला, आणि मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट येथील घाऊक बाजार एकामागून एक येथे आले. कांदा-बटाटा, मसाले, धान्य, भाजी आणि फळे यांचा सारा व्यवहार आपल्या अंगणात रोज पहाटे चालतो. शेतकरी जुन्नरचा, खाणारा गिरगावचा, आणि मध्ये उभा आडत्या. तो मालाचा धनी नव्हे. माल विकून देतो आणि आपली आडत घेतो. तोही मध्यस्थच.

परंतु त्याला ‘केवळ’ मध्यस्थ राहता येत नाही, आणि यातच सगळे मर्म आहे. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नाडवणूक सोसली, तेव्हा कुठे सरकारला कायदा करावा लागला. आपल्या राज्याचा कृषी उत्पन्न पणनाचा कायदा १९६३ सालचा. त्याचे सार शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर तीन गोष्टींत येते. आडत्याने परवाना घ्यावा, म्हणजे त्याला कोणीतरी जाब विचारू शकेल. भाव उघड ठरावा. आणि विक्री झाली की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडावी. ही पट्टी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एवढासा कागद; पण त्यावर मालाचे वजन, मिळालेला भाव, त्यातून कापलेली आडत, हमाली, तोलाई, आणि शेवटी हातात येणारी रक्कम, हे सगळे ओळीने मांडलेले असते. शेतकरी रागावेल, भांडेल; पण आपला पैसा कोठे गेला हे त्याला दिसते. पुढे जुलै २०१६ मध्ये सरकारने फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण तो वाद घालता आला याचे कारण एकच. आडत किती आणि ती कोण भरतो, हे कागदावर दिसत होते.

आम्ही बाजार समितीची आरती ओवाळीत आहोत असे कोणी समजू नये. तेथील गाऱ्हाणी येथील श्रोत्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असतील. हापूसच्या गाळ्यावर रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी चालही आपण ऐकून आहोत. रुमालाखाली काय ठरले हे ज्याचा माल त्यालाच कळू नये, हा त्या पद्धतीवरचा आक्षेप. आमचे म्हणणे एवढेच की, हॉटेलच्या खोल्यांचा हा जो नवा बाजार मोबाईलच्या पडद्यावर भरतो आहे, तो अजून रुमालाखालीच चालला आहे.

हे आम्ही ऐकीव गोष्टींवरून बोलत नाही. हॉटेलवाल्यांच्या अखिल भारतीय महासंघाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, २०१९ मध्ये आयोगाने चौकशीचा हुकूम दिला, आणि १९ ऑक्टोबर २०२२ रोजी निकाल दिला. मेकमायट्रिप आणि गोआयबिबो या २०१७ पासून एकत्र झालेल्या कंपन्यांना २२३ कोटी ४८ लाख रुपये, आणि ओयो कंपनीला १६८ कोटी ८८ लाख रुपये दंड झाला. दंड झालेल्यांनी वर अपील केले. परंतु त्या चौकशीत रुमाल थोडा वर उचलला गेला, आणि खाली काय चालले होते ते सर्वांना दिसले.

काय दिसले? मेकमायट्रिप-गोआयबिबोच्या करारांत हॉटेलांवर अशी अट होती की, आमच्या पडद्यावर जो दर आहे त्याहून कमी दराने खोली दुसरीकडे देऊ नये. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. समजा, खोलीच्या शंभर रुपयांतून वीस रुपये आडतीचे जातात. तुम्ही आम्ही थेट हॉटेलच्या दारात गेलो, तर मालकाचे ते वीस वाचतात; त्यातले दहा तो आपल्याला खुशीने सोडील. पण करार म्हणतो, सोडावयाचे नाहीत. म्हणजे जो आडत्याच्या दुकानात शिरलाच नाही, त्याच्याही खिशातून आडतीएवढी रक्कम जाते! भाजीबाजारातील कोणत्याही आडत्याला असे धाडस झाले नसते. दुसरी गोष्ट अशी की, ओयोशी झालेल्या व्यवस्थेमुळे तिच्या स्पर्धक असलेल्या फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो यांची हॉटेले त्या पडद्यावरून काढून टाकण्यात आली होती. आपण समजत होतो की पडद्यावर सारा बाजार मांडला आहे. प्रत्यक्षात काही गाळ्यांवर पडदा टाकलेला होता. आयोगाने दंडाबरोबरच हुकूम केला, की करारांतील या अटी काढाव्या, आणि एखादे हॉटेल करार संपल्यामुळे किंवा खोल्यांचा वाटा संपल्यामुळे मिळत नसेल तर तसे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे.

आपल्याकडेच हे घडते असे नाही. फ्रान्सने २०१५ साली कायदा करून हॉटेलमालकाला आपला दर ठरविण्याची मोकळीक दिली. ब्रिटनमध्ये २०१९ साली बड्या कंपन्यांना लिहून द्यावे लागले की, ‘एवढीच खोली उरली’ अशी खोटी घाई आम्ही करणार नाही आणि सक्तीचे आकार लपविणार नाही. युरोपच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बुकिंग डॉट कॉमच्या खटल्यात, दराच्या अशा अटींवाचून आमचा धंदाच चालणार नाही, हा दावा मानला नाही. तेव्हा गाऱ्हाणे एकट्या वाशीकराचे नव्हे, ते जगाचे आहे.

येथे आम्हांला प्रतिपक्षाचेही म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. आमच्या लहानपणी परगावी जावयाचे तर लॉजच्या मालकाला जोडकार्ड पाठवावे लागे, आणि उत्तर येईतो सुट्टी संपत येई. तीर्थाच्या ठिकाणी क्षेत्रोपाध्याय होते, धर्मशाळा होत्या. पण ज्याची तेथे ओळख नाही त्याचे काय हाल होत, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. आज गुहागरच्या गल्लीतील चार खोल्यांचे घर नागपूरच्या माणसाला बसल्या जागी दिसते, ही किमया या कंपन्यांचीच आहे. त्यासाठी त्यांनी आडत घेतली तर त्यात पाप नाही. मध्यस्थ नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्र्यंबकेश्वराचा उपाध्यायही मध्यस्थच होता, आणि दक्षिणाही चोख घेई. पण त्याच्या वहीत आपल्या आजोबांचे नाव असे, आणि रात्री बारा वाजता त्याचे दार ठोठावता येत असे. आजच्या मध्यस्थाने दक्षिणा ठेवली आणि दार काढून टाकले, एवढाच आमचा आक्षेप आहे.

मग या बाबतीत कायदा काय म्हणतो? ऐकून आश्चर्य वाटेल, पण कायदा बराचसा आपल्या बाजूला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली, आणि २०२० साली ई-कॉमर्सचे नियम आले. त्या नियमांप्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवावी आणि तिची फोड द्यावी, म्हणजे पट्टीच! गिऱ्हाइकाच्या वतीने आधीच खूण करून ठेवलेले चौकोन चालत नाहीत. म्हणजे आमचा तो विमा आणि ती देणगी नियमात बसत नव्हती. तक्रार-अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याच्या आत तक्रार निकालात काढावी. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावनिशीवार सांगून त्यांना मनाई केली. खोटी घाई त्यात आहे; न मागितलेली वस्तू टोपलीत सरकविणे आहे; आणि किंमत थेंबाथेंबाने वाढवीत नेणे हेही आहे. ठिबक सिंचनाने आपल्या शेतकऱ्याच्या द्राक्षबागा फुलल्या. येथे मात्र ठिबक उलट दिशेने चालते, थेंब थेंब आपल्याच खिशातून!

‘आम्ही केवळ मध्यस्थ’ ही सबबही सदासर्वदा चालत नाही. पैसे घेऊन खोली न देणाऱ्या कंपन्यांना ग्राहक आयोगांनी हॉटेलच्या जोडीने जबाबदार धरल्याची उदाहरणे आहेत. शिवाय नव्या कायद्यातील एक तरतूद प्रत्येकाने लक्षात ठेवावी. तक्रार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. हॉटेल साताऱ्याचे असो, कंपनी दुसऱ्या राज्यातील असो. वाशीकराने ठाणे जिल्ह्याच्या आयोगापुढे उभे राहावे. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

मग सगळे असून नडते कोठे? भगिनींनो आणि बंधूंनो, स्पष्ट बोलल्याबद्दल क्षमा करा. नडते ते आपल्यापाशी. भिलारहून परत आल्यावर आम्हीही म्हणालो, जाऊ दे, कोण भांडत बसणार! कंपनीने प्रथम सांगितले की पैसे त्यांच्याकडील ‘पाकिटा’त जमा करू, पुढील प्रवासास वापरा. ज्याने एकदा रस्त्यावर ठेवले त्याच्याकडेच पुन्हा जावे, ही कोणती भरपाई? आम्ही नकार दिला. मग ११,१६० रुपये परत आले. ४८० रुपये कापले होते. कारण विचारले, तर उत्तर मिळाले, ‘सोय-शुल्क परत मिळत नाही.’ खोली नाही, निजावयास जागा नाही, म्हातारी आई रात्री दारोदार. आणि सोयीचे शुल्क कायम! त्या एका शब्दाने आम्ही पेटलो. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदविली, पावती आणि हॉटेलने लिहून दिलेली चिठ्ठी जोडली, आणि काही आठवड्यांनी ते ४८० रुपयेही परत आले. रक्कम मोठी नव्हे. पण असे चारशे ऐंशी रुपये हजारो घरांनी सोडून दिले म्हणजे त्याचेच एखाद्याचे उत्पन्न होते.

आता जाण्यापूर्वी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. पडद्यावर खोली ठरली तरी हॉटेलला स्वत: टेलिफोन करून आपले नाव त्यांच्या वहीत चढले आहे की नाही ते विचारावे, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारावे. त्याच बोलण्यात थेट येण्याचा दरही विचारावा. विचारण्यास पैसे पडत नाहीत. शक्य असेल तेथे पैसे खोलीवर पोहोचल्यानंतर देण्याचा पर्याय घ्यावा. पैसे भरण्यापूर्वीच्या शेवटच्या पायरीवर थांबून प्रत्येक ओळ वाचावी आणि त्या पडद्याचे चित्र जपून ठेवावे. खोली नाकारली तर तसे हॉटेलकडून लिहून घ्यावे. आणि कंपनीचा किंवा हॉटेलचा क्रमांक इंटरनेटवर जो पहिला दिसेल तो लावू नये. तेथे चोर दबा धरून असतात. यात्रेकरूंना खोट्या संकेतस्थळांवरून लुबाडणाऱ्यांविषयी केंद्रीय गृहखात्याच्या सायबर केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. तसे काही घडलेच तर विलंब न लावता १९३० वर कळवावे.

परंतु एकेकट्याची सावधगिरी पुरी पडणार नाही. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, ती अशाच सामान्य गृहस्थांच्या बळावर. त्यांनी ओळखले होते की, सुटे गिऱ्हाईक दुबळे असते आणि जोडलेले गिऱ्हाईक बाजाराला वळण लावते. आपल्या एकेका सोसायटीत शंभर-शंभर घरे आहेत. कोणत्या हॉटेलने कोणाला कसे वागविले आणि कोणत्या कंपनीने पैसे कसे परत केले, याची एक साधी वही प्रत्येक सोसायटीत का असू नये? आणि सरकारकडे आपण एकमुखाने एवढेच मागावे, की हॉटेलच्या खोलीचीही पट्टी मिळाली पाहिजे. खोलीचे किती, कराचे किती, आणि मध्यस्थाची आडत किती, हे गिऱ्हाइकाला दिसावे. आणि ज्याने आडत घेतली, त्याने रात्री साडेआठला खोली मिळेल याची हमीही घ्यावी. जुन्नरच्या टोमॅटोला जो न्याय मिळू शकतो, तो आमच्या आईला का मिळू नये?

आई आज हयात आहे, आणि यंदाही तिला महाबळेश्वरास जावयाचे आहे. त्या रात्री तिला दूध-पोळी देणाऱ्या गृहस्थांना आम्ही गेल्या आठवड्यात टेलिफोन केला. ते म्हणाले, “या काका, नाव वहीत लिहून घेतलं आहे.” त्या वहीवर आमचा भरवसा आहे. पडद्यावरही तसाच भरवसा ठेवता यावा, यासाठीच हा खटाटोप.